एक मे, पुढच्या दाराने

सिंधुबाई मेश्राम यांना हॉस्पिटलात कुणी 'सिंडी' म्हटलेलं चालत नसे. नवा सुपरवायझर आला आणि सवयीने तसं म्हणाला, की त्या हातातला मॉप बादलीत उभा करायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "सिंधू. नदीचं नाव आहे ते. तुमच्या थेम्सपेक्षा कितीतरी मोठी." मग तो ओशाळून गेला की पुन्हा लादी पुसायला लागायच्या.

मी त्यांना मावशी म्हणायचे. २००५ साली लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची नोकरी धरून मी पुण्याहून आले, तेव्हा हेअरहिल्समधल्या त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. खालच्या मजल्यावर त्या एकट्याच. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या शेजारी दादासाहेबांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. दादासाहेब हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. नागपूरच्या इंदोऱ्यातून लग्न होऊन मावशी चौऱ्याहत्तर साली इथे आल्या, आणि अठ्ठ्याण्णव साली दादासाहेब गेले. मुलगी सुमेधा एडिनबराला बँकेत नोकरी करायची.

मावशींची खरी विद्या शिवणकामाची. हॉस्पिटलात पूर्वी शिवणखोली होती. पेशंटचे गाऊन, वॉर्डचे पडदे, ऑपरेशन थिएटरमधली हिरवी कापडं तिथे दुरुस्त व्हायची. वीस वर्षं त्यांनी तिथे मशीन चालवलं. मग वापरून फेकून द्यायचा माल आला आणि खोली बंद झाली. घरी जा, नाहीतर क्लीनिंगला जा, असं सांगण्यात आलं. मावशी क्लीनिंगला गेल्या. शिवणखोलीतली मशिनं भंगारात जाणार हे कळल्यावर त्यांनी त्यातलं आपलं मशीन टॅक्सीत घालून घरी आणलं. कुणाला विचारलं वगैरे नाही.

"विचारलं असतं तर 'नाही' म्हटलं असतं त्यांनी," त्या मला म्हणाल्या. "मग मी तरी काऊन विचारू?"

क्लीनिंगमध्ये त्यांना ओफेलिया भेटली. ओफेलिया लॅम्टी, घानातल्या अक्रा शहराची. मावशींपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, उंच, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर हसली तर तळमजल्यावर फार्मसीत मला कळायचं. ती त्यांना 'आंटी सिंधू' म्हणायची. दोघी एकाच शिफ्टला, एकाच बसने. दोघींचं इंग्रजी दोन वेगळ्या दिशांना जाणारं, पण एकमेकींचं त्यांना पूर्ण समजायचं.

२००६ साली एक मे सोमवारी आला. इथे मे महिन्याची सुट्टी पहिल्या सोमवारी असते, मग तारीख कुठलीही असो. त्या वर्षी सुट्टी आणि तारीख एकाच दिवशी आली, त्या दोघींची शिफ्टही नव्हती, आणि ओफेलियाने आम्हाला चॅपलटाऊनमधल्या चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बोलावलं. लीड्समधली घानाची माणसं तिथे कामगार दिन साजरा करणार होती.

मला वाटलं होतं जेवण, गाणी आणि घर. पण जेवणाआधी सगळे बाहेर कारपार्कमध्ये जमले आणि कामाप्रमाणे रांगा लागल्या. नर्सेसची एक, बस ड्रायव्हरांची एक, सिक्युरिटीवाल्यांची एक, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांची एक. प्रत्येक रांगेच्या बायकांनी एकाच छापाच्या कापडाचे कपडे शिवलेले. पुढे पुठ्ठ्याची पाटी. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ हॉलच्या पायरीवर उभे राहिले. ते त्या दिवसापुरते राष्ट्राध्यक्ष. ढोल वाजायला लागला, आणि एकेक रांग पाय आपटत त्यांच्यासमोरून गेली. ते हात उंचावून सलाम घेत होते आणि अजिबात हसत नव्हते.

"ये," म्हणत ओफेलियाने मावशींना क्लीनर्सच्या रांगेत ओढलं. मावशी एकदा लाजल्या, मग पदर खोचून चालायला लागल्या.

जेवताना ओफेलियाने सांगितलं. तिची आई अक्रा नगरपालिकेत झाडूवाली होती. एक मेला समुद्राकाठच्या मोठ्या चौकात परेड असायची. आठवडाभर आधी कापड यायचं, सगळ्या झाडूवाल्या एकाच शिंप्याकडे माप द्यायच्या. त्या सकाळी आई बूट पॉलिश करायची. गोदीवाले, रेल्वेवाले, मास्तर, झाडूवाल्या, सगळे त्या चौकातून चालत जायचे आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष उभा राहून त्यांना सलाम करायचा.

"दुसऱ्या दिवशी आई तोच चौक झाडायची," ओफेलिया म्हणाली. "पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी ती त्याच्यावरून चालायची."

मावशींचे वडील नागपूरच्या कापडगिरणीत होते. एक मेला तेही पांढरा सदरा घालून मोर्चाला जायचे, हे मावशींनी तिला सांगितलं. मग माशाबरोबरची लाल चटणी तोंडात घातली, डोळ्यांतून पाणी आलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "ही बाई सावजीवाल्यांची नातेवाईक दिसते."

पुढच्या हिवाळ्यात क्लीनिंगचं कंत्राट नव्या कंपनीकडे गेलं. त्यांचा मॅनेजर हार्डकासल म्हणून होता, तिशीतला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात कायम कॉफी. त्याच सुमारास हॉस्पिटलचं पुढचं रिसेप्शन नवीन झालं होतं. काचेची भिंत, आपोआप उघडणारी दारं, कोपऱ्यात कॉफी शॉप. जानेवारीत फलक लागला: क्लीनिंग स्टाफने युनिफॉर्ममध्ये पुढच्या दाराने येऊ-जाऊ नये, मागचं मालाचं दार वापरावं. मागचं दार म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारचं, जिथून मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या जात. बसस्टॉप पुढे होता. म्हणजे उतरून पूर्ण इमारतीला वळसा, पावसात, अंधारात.

मावशींनी कारण विचारलं. हार्डकासल म्हणाला, इन्फेक्शन कंट्रोल.

"म्हणजे जंतू फक्त आम्हाला चिकटतात? नर्सला नाही? डॉक्टरला नाही?"

तो म्हणाला, हे वरून आलंय.

त्या संध्याकाळी मावशी घरी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. कुकर लावला, भाजी फोडणीला टाकली, आणि पाठमोऱ्याच बोलायला लागल्या. "माझी आजी गावात पाटलाच्या घरी कामाला जायची. मागून. अंगणात उभी राहून हाक मारायची, मग कोणी वरून भाकरी टाकायचं. माझ्या बापाने ते गाव सोडलं आणि गिरणीत आला. गिरणीला एकच दरवाजा होता, स्नेहल. सगळे त्याच दरवाज्याने जायचे." भाजी करपली, तीच आम्ही खाल्ली.

दोन-तीन महिने सगळ्या मागून जात राहिल्या. मार्चमध्ये ओफेलियाने एक मेची रजा मागितली. २००७ साली तो मंगळवार होता. हार्डकासल हसला. "सुट्टी सोमवारी आहे, त्या दिवसाची मागा." आणि त्या सोमवारी तिला ड्यूटी लावली होती.

ओफेलिया आमच्या स्वयंपाकघरात येऊन तणतणत होती. मी आजारी असल्याचा फोन करते, ती म्हणाली, चर्चमध्ये जाते, बघू काय करतो ते.

मावशी चहा गाळत होत्या. "खोटं काऊन बोलायचं?" त्या म्हणाल्या. "आपण कामावर जाऊ. वेळेवर जाऊ. पूर्ण शिफ्ट करू. पण तुझ्या आईसारखं चालत जाऊ. पुढच्या दाराने."

ओफेलियाने टेबलावर अशी थाप मारली की कप हलले.

कापड अक्राच्या माकोला बाजारातून आलं. ओफेलियाच्या बहिणीने पाठवलं. गडद निळं, त्यावर पिवळ्या पिसांची नक्षी, कडक, नवीन कापडाचा वास असलेलं. अर्ली, म्हणजे सकाळच्या शिफ्टच्या सात जणी तयार झाल्या होत्या: मावशी, ओफेलिया, घानाच्याच आणखी दोघी, दोन पोलिश मुली, आणि मॉरीन नावाची साठीची यॉर्कशरची बाई, जी म्हणाली की माझा बाप खाणकामगार होता, मला घेतलं नाहीत तर याद राखा. मावशींनी सगळ्यांची मापं घेतली आणि सहा जणींसाठी ओफेलियाने दाखवले तसे कमरेला झालर असलेले ब्लाऊज बेतले. युनिफॉर्मच्या अंगरख्यावरून घालता येतील इतके सैल.

"तुमचं?" मी विचारलं.

"घानात कापड सहा वारांचं विकतात," मावशी म्हणाल्या. "मला कशाला कापायला पाहिजे?"

ईस्टरला सुमेधा घरी आली तेव्हा दिवाणखाना निळा झाला होता. ती लीड्सला जन्मलेली. तिला मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र लिंग-वचनाचा मेळ बसायचा नाही.

"आई, हा आयडिया कोणाची होता?"

"माझी," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

"ते तुला सॅक करणार. सिरीअसली. आणि साडी नेसून? लोक हसेल."

"हसू दे."

"तू फिफ्टी-एट आहे! आता दुसरा नोकरी कोण देणार तुला? तू मागच्या दारानी गेला तर काय होतं? इट्स जस्ट अ डोअर, आई."

मावशींनी मशीन थांबवलं. त्या रागावल्या नाहीत. "तुझ्या बँकेत तू कुठून जातेस?"

"पुढून. सगळे पुढून जातात."

"उद्या सांगितलं की सगळे पुढून, फक्त सुमेधा मागून. तर?"

थोड्या वेळाने सुमेधा जमिनीवर बसली आणि काजांना दोरा भरायला लागली. तिला काजं नीट येत नव्हती. मावशींनी दोनदा उसवून परत करायला लावली.

एक मेच्या सकाळी ऊन होतं. मी मुद्दाम लवकर जाऊन रिसेप्शनमध्ये उभी राहिले. पावणेसातची बस आली आणि सात जणी उतरल्या. ओफेलियाने त्यांना दोन रांगांत लावलं. मॉरीनच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती: 'हे हॉस्पिटल आम्ही स्वच्छ ठेवतो.' मावशी सगळ्यात पुढे. निळी सहावारी, कडक कापडाच्या निऱ्या चाकूसारख्या उभ्या, खाली कामाचे काळे बूट, गळ्यात ओळखपत्र.

"लेफ्ट, राईट," ओफेलिया ओरडली, आणि त्या निघाल्या.

ढोल नव्हता. पण बुटांचा आवाज कारपार्कभर ऐकू येत होता. नाईट करून घरी निघालेल्या नर्सेस थांबल्या. पोर्टर थांबले. दाराबाहेर ड्रेसिंग गाऊन घातलेला एक म्हातारा पेशंट सलाईनच्या स्टँडला धरून सिगारेट ओढत होता. ओफेलियाने त्याला पाहिलं आणि आवाज दिला, "आईज राईट!" सातही माना त्याच्याकडे वळल्या. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने सिगारेट टाकली, पाठ सरळ केली आणि हात कपाळाला लावला. त्या पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

दारात हार्डकासल आला होता. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. एका हातात कॉफी, दुसरा हात पुढे केलेला.

"लेडीज, मागच्या दाराने, प्लीज."

मावशी त्याच्यासमोर थांबल्या. "आज नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"हे बघा, आज काही खास असेल तर मी समजू शकतो, पण उद्या—"

"उद्या पण नाही."

"सिंधू, हा नियम आहे."

"चुकीचा आहे."

हार्डकासलच्या पाठीमागची काचेची दारं एव्हाना दोनदा उघडून मिटली होती. ती आपोआप चालायची, समोर कोण आहे हे त्यांना कळायचं नाही. नेमके त्या वेळी डॉ. गिरीश कारमधून उतरून आले. ते तिथले कन्सल्टंट आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. शनिवारच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमासाठी लेझीमच्या मुलांच्या बंड्या मावशींकडेच शिवायला होत्या.

"जय भीम, डॉक्टर," मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान किंचित हलवली, खिशातला फोन काढला आणि त्यात बघत बाजूने आत गेले. त्यांच्यासाठी हार्डकासल एक पाऊल बाजूला सरकला. त्या एका पावलाच्या जागेतून मावशी आत शिरल्या, आणि त्यांच्यामागून सहा जणी. रिसेप्शनमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सात वाजता सगळ्या आपापल्या मजल्यावर कामाला लागलेल्या होत्या. साडी घडी होऊन लॉकरमध्ये गेली होती आणि मावशी आय.सी.यू.बाहेरची लादी पुसत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मावशींनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्या कणीक मळत होत्या.

"सिंधुबाई, राग मानू नका, पण आपल्या लोकांची इथे एक इमेज आहे. असं रस्त्यावर उतरल्यासारखं..."

"आपल्या म्हणजे कुणाच्या, डॉक्टर?"

"अहो, तसं नाही म्हणायचं मला."

"बंड्या तयार आहेत. शनिवारी भाषण तुमचंच आहे नं? एक मे कामगारांचा पण असतो, तेवढं त्यात सांगा."

शनिवारी त्यांनी सांगितलं. शेवटी, घाईघाईत, कागदात न बघता. पण सांगितलं.

कंपनीने सातही जणींना चौकशीला बोलावलं. मावशींबरोबर सोबतीण म्हणून मॉरीन आत बसली, म्हणून मला आतली हकिकत कळली. हार्डकासल आणि मुख्य कार्यालयातून आलेली एक बाई होती. ती बाई चांगली बोलली म्हणे. माफी मागा, पुन्हा करणार नाही म्हणा, विषय इथेच संपेल.

मावशींनी विचारलं, "मी कामावर उशिरा आले होते का?"

नाही.

"काम राहिलं का?"

नाही.

"मग माफी कशाची?"

नियम मोडल्याची, ती बाई म्हणाली.

"माझी आजी मागच्या दाराने गेली," मावशी म्हणाल्या. "तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. माझ्यापुढे आहे. मी इतक्या लांब मागचं दार शोधायला नाही आले. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा. पण काढाल तेव्हाही मी पुढूनच बाहेर जाणार."

मॉरीन म्हणाली, "मग मला रडू आलं आणि मी नाक शिंकरलं, त्याने सगळं जरा बिघडलं."

त्यांना काढलं नाही. लेखी ताकीद मिळाली, बाकीच्यांना तोंडी. ओफेलियाला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका छोट्या हॉस्पिटलात पाठवलं. गरज आहे म्हणून, असं सांगितलं. गरज कसली होती ते सगळ्यांना कळत होतं. मावशींना ही शिक्षा ताकिदीपेक्षा जास्त लागली. बसमध्ये शेजारची सीट आता रिकामी असायची आणि कुणी बसायला आलं तर त्या पिशवी उचलायला वेळ लावायच्या. रविवारी मात्र ओफेलिया आमच्याकडे यायचीच, आणि घर पुन्हा हादरायचं.

फलक निघाला नाही. पण दोन मेला मावशी पुढच्या दाराने गेल्या, तीन मेलाही गेल्या. मग बाकीच्या क्लीनर्सही यायला लागल्या, त्यांच्या सोबतीला पोर्टर, मग किचनवाले. सगळ्यांना ताकीद द्यायची तर कंपनीला दुसरं काम उरलं नसतं. जूनपर्यंत मागच्या दाराने फक्त ट्रॉल्या जात होत्या. उन्हाळ्यात कुणीतरी त्या फलकावर कॉफी शॉपची जाहिरात चिकटवली. हॉस्पिटलकडून कुणी चूक झाली असं म्हटलं नाही, कधीच.

त्या हिवाळ्यात मावशी युनियनच्या प्रतिनिधी म्हणून निवडून आल्या. समोर उमेदवार नव्हता. पहिल्याच महिन्यात एका पोलिश मुलीची रजा नाकारली म्हणून त्या हार्डकासलच्या ऑफिसात जाऊन बसल्या, डबा सोबत घेऊन. दुपारी त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडून जेवल्या. लसणाच्या चटणीचा वास त्याच्या खोलीत दोन दिवस राहिला असं मॉरीन सांगते. रजा मंजूर झाली.

२००९ साली त्या साठ वर्षांच्या झाल्या. बायकांनी साठीला पेन्शन घ्यावी असा तेव्हा रिवाज होता, आणि हार्डकासलला तर त्याची फारच घाई होती. त्याने स्वतःच्या खर्चाने मोठा केक आणला, सगळ्यांना जमवलं, मावशींच्या सेवेबद्दल चार छान वाक्यं बोलला आणि म्हणाला, आता आराम करा, नातवंडं खेळवा. मावशींना नातवंडं नव्हती.

त्यांनी केक कापला. पहिला तुकडा त्यालाच दिला. स्वतः दोन खाल्ले, एक माझ्यासाठी नॅपकिनमध्ये बांधला. मग हात धुऊन आल्या आणि भिंतीवरचं शिफ्टचं वेळापत्रक बघत त्याला म्हणाल्या, "केक फार छान होता. उद्या माझी अर्ली आहे नं?"